काँग्रेस रेडिओ, शोधगाड्या आणि अँटेना: प्रक्षेपण लपवता येतं का?

आठवी_ब
नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी ‘छोडो भारत’ आंदोलन शिकवताना काँग्रेस रेडिओवर येऊन मी थोडी थांबते, कारण मुलांना तो भाग मनापासून आवडतो. ऑगस्ट १९४२च्या अखेरीस मुंबईत सुरू झालेलं गुप्त केंद्र, बावीस वर्षांच्या उषा मेहता, ‘हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवर’ अशी घोषणा, आणि पोलिसांच्या गाड्या मागावर असल्यामुळे आज चौपाटी, उद्या लॅबर्नम रोड, परवा गिरगाव असं यंत्र हलवत राहणं.

यंदा एका मुलीनं विचारलं, “बाई, रेडिओ तर हवेत सगळीकडेच जातो. मग गाडीत बसलेल्याला तो कुठल्या घरातून येतोय ते कसं कळायचं?” तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “एरियल वेगळी लावली असती तर सापडले नसते का?” मी दोघांना पुढच्या आठवड्यात सांगते म्हटलं. विज्ञानाच्या सरांनी दिशाशोधनाचं तत्त्व समजावलं, पण एरियलच्या प्रश्नावर तेही अडले. त्या मुलाला काय सांगू? अँटेना बदलून प्रक्षेपण सापडणं खरंच अवघड होतं का? गणित थोडं चालेल.

टॉवरवरचा
ताई, थोडक्यात सांगायचं तर पॉवर कमी ठेवा, सापडण्याचा पल्ला कमी होतो. मोकळ्या जागेत पॉवर एक चतुर्थांश केली की पल्ला निम्मा होतो. अँटेनाचं काम तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त लांब पोचवणं. त्यामुळे चांगली अँटेना लावली तर उलट जास्त लवकर सापडाल.

चाळीसमीटर
ताई, त्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. मी पुण्यात राहतो, हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे आणि माझं सगळं आयुष्य याच पट्ट्यावर गेलंय. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज आम्ही ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतो, त्याच्या अगदी मधली जागा. त्यामुळे ही लहर मुंबई-पुण्यात कशी वागते ते मी रोज ऐकतो.

वरच्या उत्तराशी मी सहमत नाही. अँटेना ऊर्जा तयार करत नाही, ती वाटते. कुठल्या दिशेला किती, जमिनीलगत किती, आभाळाकडे किती, आणि लहर उभी की आडवी, हे सगळं तिच्या हातात असतं. म्हणून ‘सापडेन का’ हा प्रश्न मी असा विचारतो: ज्याला ऐकवायचंय तो आणि जो शोधतोय तो, हे दोघे माझ्यापासून वेगवेगळ्या दिशांना किंवा वेगवेगळ्या कोनांत आहेत का? असतील तर अँटेना तुमच्या कामाची. दोघे एकाच रेषेत असतील तर जगातली कुठलीही अँटेना तुम्हाला वाचवणार नाही.

काँग्रेस रेडिओच्या बाबतीत गंमत अशी, की दोघे वेगळ्या कोनांत होते. ऐकणारे देशभर पसरलेले. त्यांच्यापर्यंत लहर आभाळातून जाते: वर आयनांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत, चढते आणि तिथून वळून खाली येते. ही स्काय वेव्ह. शोधणारे मात्र त्याच शहरात, दोन-चार गल्ल्या पलीकडे गाडी घेऊन फिरणारे. त्यांच्यापर्यंत पोचते ती जमिनीलगत सरपटत जाणारी ग्राउंड वेव्ह. आता दोन अँटेना डोळ्यांसमोर आणा.

पहिली, उभी तार किंवा खांब. या लांबीच्या लहरीला पाव लांबी म्हणजे साधारण साडेदहा मीटर. ती आपली ऊर्जा सगळीकडे सारखी आणि क्षितिजाजवळ फेकते. तिची लहर उभ्या पोलरायझेशनची, म्हणजे तिचं विद्युतक्षेत्र वर-खाली हलतं, आणि अशी लहर जमिनीलगत चांगली टिकते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून तर फारच चांगली. चौपाटीला उभी तार लावणं म्हणजे शहरभरच्या शोधगाड्यांना आवतण देणं.

दुसरी, आडवी डायपोल. दोन खांबांमध्ये ताणलेली, मधून फीडर, म्हणजे यंत्रापासून अँटेनापर्यंत ऊर्जा नेणारी तार, जोडलेली, साधारण वीस मीटर लांब तार. आडव्या पोलरायझेशनची लहर जमिनीलगत फार लवकर मरते, कारण जमीनच तिला गिळते. आणि तार जमिनीपासून दहा मीटरच्या आसपास असेल तर बहुतेक ऊर्जा सरळ डोक्यावर जाते, आयनांबरावरून परत येते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे पडते. आमच्यातले लोक डोंगराळ भागात संपर्क ठेवायला मुद्दाम अशीच तार लावतात. सह्याद्रीच्या खोऱ्यांत दुसरं काही चालतच नाही.

हीच तार वीस-एकवीस मीटरवर नेली, म्हणजे चार-पाच मजल्यांच्या वर, तर डोक्यावरचा भाग जवळजवळ बंद होतो आणि ऊर्जा तीस अंशांच्या कोनात निघते. मग पहिली उडीच आठ-नऊशे किलोमीटरच्या पुढे पडते. बघा, तार तीच, पॉवर तीच, फक्त उंची बदलली तर मुंबईहून नाशिकला बोलायचं की दिल्लीकडे, हे ठरतं.

हे मी स्वतः करून पाहिलंय. वेताळ टेकडीवर पाच वॉटचं यंत्र, आधी उभ्या खांबावर आणि मग कमी उंचीच्या आडव्या तारेवर. खाली कोथरूडला एक मित्र लूप अँटेना, म्हणजे तारेचं कडं, घेऊन बसला होता. खांबावर त्याचा एस-मीटर, म्हणजे येणाऱ्या लहरीचा जोर दाखवणारा काटा, नऊ दाखवत होता, आडव्या तारेवर पाच. एस-मीटरचं एक घर म्हणजे ठरावानुसार सहा डेसिबल (दहा डेसिबल म्हणजे पॉवरमध्ये दहापट फरक), म्हणजे फरक चोवीस डेसिबलचा, अडीचशे पट. आणि त्याच वेळी कोल्हापूरचे मित्र सांगत होते की आडव्या तारेवर आवाज जास्त स्वच्छ येतोय. ज्याला ऐकवायचं त्याला जास्त, शेजारच्याला कमी, तेही पॉवरला हात न लावता.

पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. जमिनीलगतची लहर अंतराबरोबर झपाट्यानं उतरते. दूरवर तर अंतर दहापट झालं की चाळीस डेसिबल जातात. याचा उलटा अर्थ असा, की तुम्ही वीस डेसिबल वाचवले तर पल्ला एक दशांश होत नाही, फक्त एक तृतीयांश होतो. सहा किलोमीटरवरून ऐकू येणारं यंत्र दोन किलोमीटरवरून ऐकू येईल. दक्षिण मुंबई केवढी? गिरगाव ते महालक्ष्मी चालत जाता येतं. इतक्या छोट्या जागेत गाड्या रोज फिरणार असतील तर आडव्या तारेनं थोडे दिवस जास्त मिळतील, एवढंच.

शिवाय फीडर. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि प्रत्यक्षात सगळा खेळ तीच बिघडवते. गच्चीवरची आडवी तार कितीही छान असली, तरी खोलीतल्या यंत्रापासून गच्चीपर्यंत जाणारी तार उभीच असते. दोन्ही बाजू समतोल नसतील तर फीडरवरूनही ऊर्जा बाहेर पडते, आणि ती उभ्या पोलरायझेशनची असते. म्हणजे लपवायला आडवी तार लावली आणि भिंतीवरून उतरणारा फीडरच उभा एरियल झाला. आजकाल आम्ही फीडरवर फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या, कड्यांचा चोक लावून ही नको असलेली ऊर्जा अडवतो आणि हे बरंच आटोक्यात आणतो.

आठवी_ब
काका, किती आभार मानू! ‘ऐकणारा आणि शोधणारा वेगळ्या कोनांत’ हे वाक्य मी फळ्यावरच लिहीन. पण मुलीचा पहिला प्रश्न राहिलाच. गाडीतल्या माणसाला दिशा कळायची कशी? आणि आडव्या तारेनं त्याच्या दिशेत काही गोंधळ व्हायचा का?

चाळीसमीटर
व्हायचा, आणि हाच भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो.

शोधणारा लूप अँटेना वापरतो, म्हणजे तारेचं उभं कडं. ते फिरवत गेलं की एका जागी आवाज एकदम पडतो. कड्याची सपाट बाजू केंद्राकडे आली की ही शांत जागा मिळते. आवाज सर्वांत मोठा कुठे येतो ते कानाला नीट ठरवता येत नाही, पण तो कुठे नाहीसा होतो ते अंशा-दोन अंशांपर्यंत कळतं. म्हणून शोधणारे मोठ्या आवाजाच्या मागे न जाता शांततेच्या मागे जातात. फक्त कड्याला पुढे आणि मागे यांतला फरक कळत नाही. त्यासाठी एक छोटी उभी तार जोडतात, की मग एकच बाजू उरते. एका जागेवरून एक रेषा, दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा. नकाशावर त्या छेदतात तिथे केंद्र.

आता गोंधळ. कडं शांत जागा बरोबर दाखवतं ते लहर उभ्या पोलरायझेशनची आणि जमिनीलगत आली तर. वरून खाली उतरणाऱ्या लहरीत आडवा भागही असतो, तो कड्याच्या आडव्या बाजूंमध्ये शिरतो आणि शांत जागा पुसट होते, सरकते, कधी नाहीशीच होते. रात्री मध्यमलहरीवरही असंच होतं, म्हणून जुने लोक याला ‘रात्रीचा परिणाम’ म्हणतात. यावर उपाय म्हणून फ्रँक अॅडकॉक नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १९१९ साली पेटंट घेतलं: कडं काढून टाका, फक्त उभ्या तारांच्या जोड्या ठेवा, म्हणजे आडव्या भागाला शिरायला वाटच राहत नाही. तेव्हापासून पाठवणाऱ्याची अँटेना आणि शोधणाऱ्याची अँटेना एकमेकींना उत्तर देत आल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये हेच घडलं. जर्मन पाणबुड्या पृष्ठभागावर येऊन शॉर्टवेव्हवर आपल्या मुख्यालयाला छोटे संदेश पाठवायच्या. त्यांचा भरवसा असा, की संदेश इतका आखूड आहे की कडं फिरवून दिशा घ्यायला वेळच मिळणार नाही. पण ब्रिटिशांकडे वॉटसन-वॉट यांच्या पद्धतीचं यंत्र होतं, ज्यात काहीच फिरवावं लागत नाही. कॅथोड किरणांच्या पडद्यावर दिशेची रेघ लगेच उमटते. पाणबुडीची लहर दूर जाण्यासाठी आभाळात जायची, पण खाऱ्या पाण्यावरून जमिनीलगतचा भागही साधारण पंचवीस-तीस किलोमीटर धावायचा. ताफ्याबरोबरच्या जहाजावर तो ऐकू आला की समजायचं, पाणबुडी जवळ आहे. तिथेही ऐकणारा आणि शोधणारा वेगळ्या कोनांत होते, पण समुद्रावर उभ्या अँटेनाची लहर दोघांपर्यंतही पोचते.

फ्रान्समध्ये गुप्त रेडिओवाल्यांना पकडण्याची जर्मनांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. दूरच्या स्थिर केंद्रांवरून स्काय वेव्हची दिशा घेऊन शहर ठरवायचं. मग गाड्या पाठवून ग्राउंड वेव्हवर मोहल्ला ठरवायचा. आणि शेवटी कोटाखाली छोटं यंत्र लपवलेला माणूस पायी फिरून इमारत ठरवायचा. कधी एकेका भागाची वीज तोडून बघायचे, संदेश थांबला की समजलं, या भागात आहे. यातल्या पहिल्या पायरीला अँटेना काही करू शकत नाही, कारण तिथे ऐकणारा आणि शोधणारा एकाच रेषेत आहेत: लंडनला जे पोचतं तेच जर्मनांनाही पोचतं. दुसऱ्या पायरीला आडवी तार थोडी मदत करते. तिसऱ्या पायरीला, त्याच गल्लीत, काहीच उपयोग नाही. तिथे अँटेनानं निवडलेला कोन संपतो, तारेच्या अगदी जवळचं क्षेत्रच यंत्राला पुरतं.

म्हणून तुमच्या विद्यार्थ्याला मी असं उत्तर देईन: बाळा, एरियल बदलून उशिरा सापडले असते, कायमचे लपले नसते. कारण सगळ्या देशाला ऐकवायचं हेच त्यांचं काम होतं आणि मुंबई पोलीस त्या देशातच राहत होते. त्यांनी दोनच खऱ्या गोष्टी केल्या, कमी वेळ बोलणं आणि जागा बदलणं, आणि दोन्ही तांत्रिकदृष्ट्या अचूक होत्या. जागा बदलली की शोधणाऱ्याच्या नकाशावरच्या सगळ्या जुन्या रेषा वाया जातात. वीस मीटर तार, जड व्हॉल्व्हचं यंत्र, त्याचा वीजपुरवठा हे सगळं उचलून नव्या गच्चीवर पुन्हा जुळवणं काय असतं, हे ज्यानं कधी तार ताणलीय त्यालाच कळेल. आणि हेही सांगा, की १२ नोव्हेंबर १९४२ला महालक्ष्मीच्या जागेवर धाड पडली ती नुसत्या गाड्यांमुळे नाही. केंद्राचा तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याच्याकडून पत्ता कळला. उषाताईंना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात. मला त्या सगळ्या मंडळींबद्दल अतोनात आदर आहे.

रानपाऊल
मी अगदी उलट्या बाजूनं लिहितोय. विदर्भात वन्यजीव अभ्यासकांबरोबर मी मागकाढ्या म्हणून काम केलंय. आमचं जनावर सापडलं पाहिजे, ही आमची धडपड. जनावराच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला) ठोका साधारण १५० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि कॉलरची अँटेना म्हणजे पट्ट्यात शिवलेली छोटी तार. ती जनावराच्या अंगाला चिकटलेली असते, अंग ऊर्जा शोषतं, आणि वाघ जसा वळेल तसं पोलरायझेशन बदलतं. वाघ लोळला की ठोका मंद, उठून चालायला लागला की खणखणीत. आमच्या हातात तीन दांड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना. ती आधी आडवी धरून फिरवतो, मग उभी धरून फिरवतो. जनावर कसं बसलंय त्यावर दोन्हींत खूप फरक पडतो. नाल्यात बसलेलं जनावर काहीशे मीटरवरही लागत नाही आणि तेच टेकडीच्या धारेवर आलं की पार पलीकडच्या टेकडीवरून मिळतं. कड्यावर आपटून आलेल्या ठोक्याच्या मागे अख्खी सकाळ जाऊ शकते, म्हणून आम्ही एका जागेच्या दिशेवर कधीच विश्वास ठेवत नाही.

चाळीसमीटर काका, या उंचीबद्दल काही नियम आहे का?

चाळीसमीटर
आहे, आणि तो तुम्हाला पायानं माहीतच आहे. व्हीएचएफ आणि त्याच्या वर लहर बहुतांशी डोळ्याला दिसेल तितकीच जाते, क्षितिजापेक्षा किंचित जास्त. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ नं गुणा: किलोमीटरमध्ये क्षितिज आलं. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं क्षितिज मिळवा. अँटेना दोन मीटरवर असेल तर पावणेसहा किलोमीटर, तीस मीटरवर नेली तर साडेबावीस. ज्याला लपायचंय त्यानं अँटेना खाली ठेवावी आणि मध्ये टेकडी घ्यावी, ज्याला शोधायचंय त्यानं टेकडीवर चढावं. सपाट जमिनीसाठीचा हा हिशेब आहे, नाल्यातल्या वाघाला तो लागू नाही.

पोलरायझेशनचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. उभी आणि आडवी एकमेकांविरुद्ध आली की वीस डेसिबल सहज जातात. आमच्या दिशाशोध स्पर्धांमध्ये, ज्यांना आम्ही ‘फॉक्स हंट’ म्हणतो, आंतरराष्ट्रीय नियमच असे आहेत: ३.५ मेगाहर्ट्झला लपवलेल्या यंत्राची अँटेना उभी, १४४ मेगाहर्ट्झला आडवी. पाच यंत्रं रानात लपवलेली, प्रत्येक आळीपाळीनं एकेक मिनिट बोलतं आणि धावणाऱ्याला त्या मिनिटात दिशा घ्यावी लागते. ३.५ला दिशा स्वच्छ मिळते, १४४ला कडे-कपारी फसवतात.

टॉवरवरचा
काका, ‘चांगली अँटेना म्हणजे लवकर सापडणार’ हे माझं विधान मी आता असं मांडतो: सगळीकडे फेकणारी असेल तर. आम्ही टॉवरवर ५.८ गिगाहर्ट्झच्या बिंदू-ते-बिंदू जोडण्या लावतो. साठ सेंटिमीटरची थाळी, गेन, म्हणजे एका दिशेला ऊर्जा एकवटण्याची पट, साधारण २८ डेसिबल, झोत सहा अंशांचा. दहा किलोमीटरवर तो झोत किलोमीटरभर रुंद होतो. थाळी मोठी घेतली की तेवढीच जोडणी खूप कमी पॉवरवर चालते, आणि बाजूला उभ्या असलेल्याला मिळतं ते वीस डेसिबल किंवा त्याहून खाली. पण बाजूच्या पाकळ्या, म्हणजे मुख्य झोताच्या आजूबाजूला निसटणारी थोडी ऊर्जा, संपत नाहीत, आणि समोरच्या थाळीच्या पुढे झोत तसाच जात राहतो. ऐकणाऱ्याच्या पाठीमागे त्याच रेषेत कोणी उभा असेल तर त्याला सगळं मिळतं. तुमचं ‘एकाच रेषेत’ इथेही लागू झालं.

चाळीसमीटर
छान मांडलंत. तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण जोडतो: ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजन किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल खातो. म्हणजे अरुंद झोत ऐकणाऱ्याच्या पलीकडे गेला तरी दोन-चार किलोमीटरमध्ये हवाच त्याला संपवते. रेषेत उभ्या असलेल्या शोधणाऱ्यावर एवढा सरळ तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही. आणि जे तरुण वाचत असतील त्यांच्यासाठी: हौशी परवान्यावर आपली ओळख सांगणं बंधनकारक आहे आणि सांकेतिक भाषेत लपवून बोलणं चालत नाही. हे सगळं शिकायचं ते शोधणाऱ्याच्या बाजूनं शिका, तिथे मजाही जास्त आहे.

ताई, वर्गात करायला एक प्रयोग सुचवतो. मध्यमलहरी असलेला साधा ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या आत फेराइटची कांडी असते, तीच कड्याचं काम करते. आकाशवाणीचं जे केंद्र तिकडे दिवसा नीट लागतं ते लावा, ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवा. एका जागी आवाज पडेल. तेव्हा कांडीचं टोक केंद्राकडे किंवा त्याच्या बरोबर उलट आहे.

आठवी_ब
आत्ताच घरी करून पाहिलं, खरंच पडतो! मुलांना दोन गट करून दोन गावांतून रेषा काढायला लावल्या तर? काही मुलं खेर्डीहून येतात, काही सावर्ड्याहून.

चाळीसमीटर
उत्तम. फक्त केंद्र जर दीड-दोनशे किलोमीटरवर असेल तर खेर्डी आणि सावर्ड्याच्या रेषा जवळजवळ समांतर येतील आणि छेद कुठेही पडेल. कुणाचा मामा पुण्याला किंवा कोल्हापूरला असेल तर त्याला फोनवरून तिसरी रेषा काढायला सांगा. प्रयोग दुपारी मैदानात करा. लोखंडी कपाट, पत्र्याचं छप्पर आणि विजेच्या तारांपासून दूर. होकायंत्र ट्रान्झिस्टरपासून हातभर लांब ठेवा, स्पीकरच्या चुंबकानं सुई हलते. आणि त्याच मुलांना रात्री आठनंतर पुन्हा करायला लावा. दूरच्या केंद्राची शांत जागा तेव्हा पसरट होईल, सरकेल. त्यांनी “काका, चुकतंय” असं लिहिलं, की अॅडकॉकनं काय केलं ते त्यांना सांगा.